ट्रेबलला मराठीत काय म्हणता?

तिसरी_घंटा
मंडळी, अडलेय. दोन हजारांच्या आतल्या, वायरवाल्या, कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनांची तुलना करणारा एक व्हिडिओ आहे, त्याची संहिता मराठीत करून देतेय. बास, व्होकल वगैरे निभावलं, ट्रेबलवर, म्हणजे आवाजातल्या सगळ्यात वरच्या, बारीक भागावर, गाडी थांबली. मूळ म्हणणं असं: पहिल्याचा ट्रेबल ब्राइट आहे पण टोचत नाही, दुसरा डार्क आहे, म्हणजे त्यात ट्रेबल कमी, तिसऱ्यात 'स' आणि 'श' फार फुसफुसतात. मी आपलं 'ट्रेबल जास्त आहे' लिहिलं. काम देणाऱ्यांनी ते खोडून 'तारस्वर प्रखर आहेत' केलं. वाचून मला इअरफोन सोडून हॅलोजन आठवला. त्यात ट्रेबल तो, ती की ते यावरूनही खटका उडाला. परवा द्यायचंय. सुचवा.

व्हॉल्व्हचा_रेडिओ
आमच्या घरी ट्रेबल 'ते'च होतं. 'ते ट्रेबल कमी कर रे, कान किटले.' त्याआधीच्या रेडिओला तर 'टोन' नावाचं एकच बटण. उजवीकडे पिळलं की बातम्या देणारी बाई नाकात बोलायची, डावीकडे पिळलं की गोधडीतून. त्या बटणाला कुणी मराठी नाव दिलं नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही.

पाणिनीचा_शेजारी
तारस्वरात वावगं काय आहे? मंद्र, मध्य, तार ही विभागणी आपल्याकडे आयती तयार आहे. ती सोडून ट्रेबल ट्रेबल करत बसायचं म्हणजे घरी विहीर असताना टँकर मागवणं. बाय द वे, ट्रेबल हा शब्दच मुळात 'त्रिबल' असणार. तिसऱ्या सप्तकाचं बल.

साखरभात_नको
त्रिबल नाही हो. लॅटिन ट्रिप्लुस, म्हणजे चक्क 'तिप्पट'. मध्ययुगात फ्रान्सकडच्या बहुस्वरी गाण्यात टेनरच्या वर एक आवाज आणि त्याच्याही वर तिसरा, तो ट्रिप्लम. तिथून सगळ्यात वरच्या आवाजाला ट्रेबल म्हणू लागले. 'त्रि'पुरतं तुमचं बरोबर, ते इकडे-तिकडे एकाच कुळातलं. 'बल' मात्र तुमच्या पदरचं. ('बाय द वे'ला आयता शब्द नव्हता का?)

पाणिनीचा_शेजारी
म्हणजे निम्मं बरोबर निघालं की.

काळी_चार
तारस्वराला माझा आक्षेप भाषेचा नाही, हिशोबाचा आहे. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. तार षड्ज २७७, आणि तार सप्तक संपतं ५५४ ला. बाई काळी चारमध्ये गात असल्या तरी ८३०च्या आसपास खेळ संपला. इअरफोनवाले ज्याला ट्रेबल म्हणतात ते पाच-सहा हजार हर्ट्झच्या पुढचं, पार वीस हजारांपर्यंत. त्यांच्या भाषेत आपलं अख्खं तार सप्तक 'मिड'मध्ये, म्हणजे मधल्या पट्ट्यात, मोडतं. पियानोच्या अगदी शेवटच्या पट्टीचा सूरसुद्धा ४१८६ हर्ट्झचाच.

ट्रेबलमध्ये कोणी गातच नाही. तिथे असतात सुरांचे वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे बारीक सूर), टाळांची किणकिण, तबल्याच्या चाटेची धार, गायकाचा श्वास, 'स'कार. 'तारस्वर प्रखर' म्हटलं की ऐकणारा समजणार, गायिका वर गेली की हा इअरफोन टोचतो. तसेही इअरफोन असतात, पण तो दोष बहुतेकदा तीन हजारांच्या आसपासचा. कानाची नळीच तिथे आवाज फुगवते, आणि बनवणाऱ्याने त्याचा अंदाज चुकवला की लताबाईंची तान सुद्धा ओरडल्यासारखी वाटते. त्याला ट्रेबल म्हणत नाहीत.

घाटावरचा
मग 'टीप'? टिपेचा आवाज सगळ्यांना कळतो.

काळी_चार
टीपही गळ्याचीच.

घाटावरचा
खर्जही गळ्याचाच. आणि मुळात तो नुसता षड्ज, त्याचं बोलीत खर्ज झालं. तरी 'या स्पीकरला खर्ज चांगलाय' म्हणतात आणि कुणी कॅलक्युलेटर काढत नाही. खर्जाला एक न्याय आणि टिपेला दुसरा?

काळी_चार
मला तेही खटकतं.

घाटावरचा
😄 मग मिटलं.

पथकातला
सरळ ढोल आणि ताशा म्हणा ना. 'या इअरफोनात ताशा पुढे, ढोल मागे.' समजावून सांगायची गरज नाही.

पाणिनीचा_शेजारी
पथकातल्या, सोलापूरकर येऊन हलगी म्हणतील, मग काय कराल? बरं, ते तिसऱ्या इअरफोनचं फुसफुसणं राहिलंच. व्याकरणात श, ष, स, ह हे ऊष्म वर्ण. तेव्हा 'ऊष्माधिक्य'. नेमका शब्द आहे.

तिसरी_घंटा
काका, ऊष्माधिक्य वाचून लोकांना वाटेल इअरफोन तापतो. 🙏

चुलीजवळ
स-श राहू देत, मराठी ऐकताना खरी कसोटी 'च'ची असते. आपल्याकडे च दोन. 'चिमणी'तला टाळूचा आणि 'चूल', 'चाक' यांतला दातांमागचा. दुसऱ्यात 'स' दडलेला असतो, त्यामुळे त्याची फुसकार जास्त वरच्या पट्ट्यात जाते. माझ्याकडच्या एका स्वस्त इअरफोनवर कथाकथन ऐकताना चिमणी गुमान येते आणि 'चूल' आली की कानात सुई. प्रमाण हिंदीत हा च नाही, म्हणून हिंदी परीक्षणं बघून घेतलेली वस्तू मराठीला कधी कधी बाधते, असा माझा एक लाडका सिद्धांत आहे. शब्द मात्र माझ्याकडेही नाही. आजी दातातून आवाज निघणाऱ्याला 'शिट्टी मारतो' म्हणायची.

साखरभात_नको
+१. 'स शिट्टी मारतात' हे मला ऊष्माधिक्यापेक्षा शंभर पटीने आवडलं.

दोन_पिनी
धाग्यात शब्दच चाललेत म्हणून थोडं वस्तूबद्दल. इअरफोनच्या मोजणीचा ग्राफ बघून 'आठ हजार हर्ट्झवर केवढा डोंगर, टोचणार' असं लिहू नका. मोजायच्या कृत्रिम कानाच्या नळीचा स्वतःचा अनुनाद बहुतेकदा तिथेच येतो, इअरफोन कमी-जास्त आत सरकवला की तो डोंगरही सरकतो. तुमच्या कानात तो दुसरीकडेच असेल. म्हणून एकच इअरफोन एकाला झकास आणि दुसऱ्याला कर्कश. टोचत असेल तर आधी रबरी टोप्या बदला. फोमच्या लावल्या की वरचा आवाज मवाळ होतो, रुंद तोंडाच्या सिलिकॉनच्या लावल्या की उजळतो. तेवढ्याने भागलं नाही तर मेडिकलमधली मायक्रोपोर चिकटपट्टी. तोटीच्या जाळीवर एवढासा तुकडा, अर्धीच जाळी झाकेल असा. पूर्ण झाकलीत तर टाळ जातात, उरते नुसती थपथप.

व्हॉल्व्हचा_रेडिओ
आमच्या वयाला चिकटपट्टी निसर्गानेच लावून दिली आहे. नातू म्हणतो टोचतं, मला तिथे काही ऐकूच येत नाही.

अवांतर: वरच्या फुसफुशीवरून आठवलं. कॅसेटवर 'डॉल्बी' लिहिलेलं असायचं ते टेपची हीच खसखस घालवण्यासाठी. भरताना बारीक आवाजातला वरचा भाग वाढवायचा, वाजवताना तेवढाच दाबायचा, की त्याबरोबर खसखसही दबते. आणि आता मिरवणुकीत भिंतीएवढी स्पीकरची रास उभी करून तिला म्हणतात डॉल्बी! गोंगाट कमी करणाऱ्या वस्तूचं नाव गोंगाटाला मिळालं.

घाटावरचा
हाहा. आणि मग 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव'. शुद्धतावाद्यांनी आधी हे दुरुस्त करून दाखवावं.

पाणिनीचा_शेजारी
तो अपभ्रंश आहे, त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

पथकातला
काका, अपभ्रंश कसा? उच्चार तोच आहे. अर्थ बदललाय फक्त.

पाणिनीचा_शेजारी
अर्थाचा अपभ्रंश.

भोपळ्याची_वेल
मिरजेचा आहे, तंबोरे-सतारींच्या दुकानात लहानाचा मोठा झालो. कारागीर नाही, पण कानावर पडलेलं सांगतो. तुम्ही ज्याला ट्रेबल म्हणताय ते आमच्याकडे जवारीत येतं. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा घासून अशा उताराचा करतात की तार त्याला निसटता स्पर्श करत राहते, आणि तंबोऱ्याला तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की तीच तार, तोच सूर, पण आवाज झणझणतो किंवा मुका होतो. सूर हलत नाही, वरचे उपस्वर तेवढे कमी-जास्त होतात. काळी_चार म्हणतात तेच. याला कारागीर 'जवारी खुली' आणि 'जवारी बंद' म्हणतात. मधल्याला 'गोल'. यात कौतुकही नाही आणि शिवीही नाही, कुणाला खुली लागते, कुणाला बंद.

तेव्हा ताई, ब्राइटला 'खुला', डार्कला 'बंद'. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आता आमचे शब्दही वापरा.

काळी_चार
वा! हे नेमकं आहे. स्वस्त इअरफोन तपासायला मी तंबोराच लावतो. बरा असेल तर जवारी धाग्यासारखी उलगडत जाते, वाईट असेल तर डास.

तिसरी_घंटा
'खुला' फारच आवडला, घेतेय. पण 'दुसऱ्या इअरफोनचा आवाज बंद आहे' असं लिहिलं तर गिऱ्हाईक वस्तू परत पाठवेल हो.

भोपळ्याची_वेल
खरंय. मग 'दबका'?

घाटावरचा
दबका म्हणजे हळू बोललेला. 'मवाळ' बघा, दोन_पिनींनी आधीच वापरलाय.

भोपळ्याची_वेल
मवाळ हे मत झालं. बंद जवारीचा तंबोरा मवाळ नसतो, चांगला जोरकस असतो. फक्त उघडत नाही.

पाणिनीचा_शेजारी
संवृत! विवृत म्हणजे उघडा, संवृत म्हणजे मिटलेला. उच्चारशास्त्राच्या जुन्या शिक्षाग्रंथांपासून चालत आलेले शब्द आहेत.

पथकातला
काकांना कुणीतरी इअरफोन द्या.

दोन_पिनी
दिला तर आधी टोप्यांचा आकार बघून द्या. मधली टोपी सगळ्यांना बसते हा गैरसमज आहे. सैल बसली की बास पळतो आणि मग लोक ट्रेबलला शिव्या देतात.

व्हॉल्व्हचा_रेडिओ
'बास पळतो'? आमच्याकडे बासही 'ते'च.