विषय: क्यूबाचे बेसबॉल खेळाडू

कुणीतरी लिहिलंय की क्यूबाच्या खेळाडूंना करार मिळाला की ते थेट मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये उतरतात. यासिएल पुईगचं उदाहरण बघा, तसं होत नाही.

क्यूबातल्या सिएनफुएगोसच्या संघाचा हा आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक. २०१२ मध्ये तो समुद्रमार्गे मेक्सिकोला पोचला. मेक्सिकोच का? तर थेट अमेरिकेत उतरलेल्या खेळाडूला ड्राफ्टमधून जावं लागे, म्हणजे संघ ठरलेल्या क्रमाने खेळाडू निवडणार, त्याला स्वतःचा संघ निवडता येणार नाही आणि रक्कमही बेताची. तिसऱ्या देशात रहिवास मिळवला की तो मुक्त खेळाडू ठरे, कुठल्याही संघाशी बोलणी करायला मोकळा. या एका फरकापायी ही मुलं तस्करांच्या हाती सापडायची, हे मला फार क्रूर वाटतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये मेजर लीग आणि क्यूबाच्या बेसबॉल महासंघात कायदेशीर वाटेचा करार झाला होता, पण एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने तो मोडीत काढला.

पुईगला मेजर लीगमधल्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाने सात वर्षांसाठी ४ कोटी २० लाख डॉलर दिले. तरी सुरुवात ॲरिझोनातल्या नवशिक्यांच्या लीगपासून, मग कॅलिफोर्नियातला रँचो कुकामोंगा हा खालच्या लीगमधला संघ. २०१३ च्या सराव सामन्यांत फलंदाजीची सरासरी .५०० च्या वर (म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा यशस्वी फटका) असूनही त्याला चॅटानूगाला, डबल-ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली धाडलं. ३ जूनला मेजर लीगमधून बोलावणं आलं. त्याच रात्री शेवटचा झेल कुंपणाजवळ घेऊन त्याने थेट पहिल्या बेसवर चेंडू फेकला, बेस सोडून पुढे गेलेला धावपटू परतण्याआधीच बाद, सामना खिशात. ती फेक अजूनही शोधून बघा.