मसाल्याला ‘माउली’ नाव ठेवलं तर पुढं नोटीस येईल काय?

निपाणीची_सून
नमस्कार मंडळी. मी आणि सासूबाई मिळून कांदालसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं विकतोय, आत्तापर्यंत साध्या पिशवीतनं ओळखीपाळखीत जायचं पण आता चिकोडी, संकेश्वर आणि तिकडं कागलची पण दुकानं मागायलीत म्हणून छापील पाऊच करायचेत. नाव ‘माउली’ ठरवलंय, सासूबाई वारकरी घरातल्या, त्यांचा लई जीव आहे त्या नावात. प्रिंटिंगवाले म्हणतात वहिनी आधी चौकशी करा, एकदा छपाईचे सिलिंडर झाले की खर्च वाया जाईल. देवाचं नाव आहे की ओ, त्यावर कुणाचा हक्क कसा? आमच्याकडं फूड लायसन्स आणि उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) दोन्ही आहे, तेवढ्यावर चालत नाही काय?

टिळकवाडी_वकील
ताई, नाही चालत. फूड लायसन्स, जीएसटी, उद्यम, यातल्या कशानंच नाव तुमचं होत नाही, ट्रेडमार्क म्हणजे मालाची ओळख असलेलं नाव, त्याची नोंद वेगळी असते, आणि हे इथल्या भल्या भल्या दुकानदारांना पटत नाही, कागदावर नाव छापून आलं की झालं असं वाटतं.

देवाचं नाव कुणीही ठेवावं, प्रश्न कुठल्या मालावर आधी कोण आहे याचा. आपल्या राज्यातलंच बघा. ‘नंदिनी’ दूध १९८५ पासून, बेंगळुरूचं नंदिनी डिलक्स हॉटेल १९८९ पासून. नंदिनी दूधवाल्या केएमएफनं, म्हणजे कर्नाटक मिल्क फेडरेशननं, हॉटेलच्या नावाच्या नोंदणीला विरोध केला, २०१८ साली सुप्रीम कोर्टानं हॉटेलवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला, कारण माल वेगळा, लोगो वेगळा आणि नंदिनी हे देवीचं, गाईचं नाव. पण दूध आणि दुधाचे पदार्थ त्यातनं वगळले. आता तुमचाही मसाला आणि समोरच्याचाही मसालाच असला तर हा निकाल तुमच्या काही कामाचा नाही.

ट्रेडमार्कची नोंद ठेवणाऱ्या सरकारी आयपी इंडियाच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे. तिथं मालाचे क्लास म्हणजे वर्ग पाडलेत, मसाला आणि चटणी क्लास ३०, लोणचं क्लास २९, दोन्हीकडं बघा. नुसतं अक्षरी सर्च करून थांबू नका, फोनेटिक म्हणजे उच्चारावरनं पण करा, माउली, माऊली, मौली, इंग्रजी स्पेलिंगं सगळी. आपल्याकडं बोर्ड कन्नडमध्ये, पाऊच मराठीत आणि बिल इंग्रजीत असतं, पण लिपी बदलली म्हणून नाव वेगळं होत नाही, कानाला कसं लागतं ते बघतात. पुढं ‘श्री’ किंवा मागं ‘निपाणी’ लावून पण सुटका नाही.

खानापूर_बेकरी
वकीलसाहेबांच्या बोलण्यात एक भर घालतो. सर्चमध्ये नाव दिसलं नाही म्हणजे मोकळं असं नसतंय, रजिस्टर न करता वर्षानुवर्षं वापरणाऱ्याचा पण हक्क असतो. तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडई हलव्याच्या केसमध्ये २०१५ ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं, आधी वापरणारा नंतर रजिस्टर करणाऱ्याच्या वरचढ. म्हणून कागल, कोल्हापूर, सांगलीच्या बाजारात एकदा स्वतः फिरून या वहिनी. आणि आपलं पहिलं बिल, पहिलं लेबल, व्हॉट्सॅपवरच्या ऑर्डरी सगळं तारखेसकट जपून ठेवा, उद्या तोच पुरावा.

अथणी_चामडी
मध्येच विचारतो, आम्ही कर्नाटकात बसून चपलेच्या डब्यावर ‘कोल्हापुरी’ छापलं तर चालतंय काय? एक गिऱ्हाईक म्हणालं ते महाराष्ट्राचं आहे.

टिळकवाडी_वकील
दादा, ते ट्रेडमार्क नव्हे, जीआय म्हणजे ठरावीक भागातल्या मालाचं भौगोलिक मानांकन आहे, आणि त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसे कर्नाटकाचे पण चार आहेत, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणीच्या कारागिरांचा त्यावर पूर्ण हक्क आहे, कुणाचं ऐकून घेऊ नका. फक्त ऑथोराइज्ड यूझर, म्हणजे ते नाव वापरायचा अधिकार असलेला, म्हणून नोंद करून घ्या.

निपाणीची_सून
खूप उपकार झाले. ट्रेडमार्कच्या नोंदणीला खर्च किती येतो आणि चेन्नईला जावं लागतंय काय? आणि नाव बदलायचंच झालं तर सासूबाईंचंच नाव ठेवलं तर?

टिळकवाडी_वकील
कर्नाटकासाठी ट्रेडमार्कचं ऑफिस चेन्नई आहे खरं पण अर्ज ऑनलाइन होतो. एका माणसाच्या नावानं किंवा उद्यम असेल तर एका क्लासला ४५०० रुपये, दोन क्लास म्हणजे ९०००, वकिलाची फी वेगळी. सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज छापून आला की चार महिने कुणीही विरोध करू शकतं, नंतर मिळालं की १० वर्षं. तोवर पाऊचवर टीएम (म्हणजे ट्रेडमार्क) छापा, गोलातला आर (म्हणजे रजिस्टर्ड) अजिबात छापू नका, रजिस्टर नसताना तो छापणं बेकायदा आहे. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला कायद्यात संरक्षण आहे, पण सर्च तेव्हाही कराच. माझं मत विचाराल तर कुठंच नसलेलं, तुम्हीच घडवलेलं नाव सगळ्यात भक्कम.

निपाणीची_सून
आज रात्री दोन्ही क्लासमध्ये सर्च करते. प्रिंटिंगवाल्यांना सिलिंडर थांबवायला सांगितलंय.