डीप आणि टेक्निकलसाठी रेग्युलेटर: डायफ्रॅम घेऊ का पिस्टन?

गोदाकाठचा:
मी नाशिकचा, डायव्हिंगला तारकर्ली नाहीतर नेत्राणी. आत्तापर्यंत सेंटरचाच रेग्युलेटर (टाकीतल्या गॅसचं प्रेशर उतरवून तो तोंडात देणारं यंत्र) वापरला, आता टेक्निकलचा कोर्स करायचाय म्हणजे ४० मीटरच्या खाली, डिकोसकट (वर येताना ठराविक खोलीवर थांबे घेत), तर स्वतःचा सेट घेतोय. फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीवर बसणारा भाग, डायफ्रॅमचा (आत पडदा) घेऊ का पिस्टनचा (आत दट्ट्या)? ओळखीतला एकजण जुना अनबॅलन्स्ड पिस्टन निम्म्या भावात देतोय, तोच उचलू का? बजेट बेताचं आहे, पण खाली गेल्यावर श्वास ओढायला जड पडलेलं चालणार नाही.

खोलपाणी:
भाऊ तो जुना अजिबात नको. अनबॅलन्स्डमधे टाकीतलं प्रेशर उतरलं की इंटरमीडिएट प्रेशरही (फर्स्ट स्टेजनंतर होजमधलं) खाली येतं आणि ओढायला जड होतं, तेही नेमकं गॅस कमी उरलेला असताना. ४० मीटरला आजूबाजूचं प्रेशर ५ बार, म्हणजे एकेका श्वासाला वरच्यापेक्षा पाचपट गॅस त्याच होजमधून यायला पाहिजे. बॅलन्स्ड फर्स्ट स्टेजच घे, टाकी उतरली तरी त्याचं प्रेशर तेच राहतं. डायफ्रॅम का पिस्टन यावर लोक रात्र रात्र वाद घालतात पण खोलीला दोन्ही पुरतात, स्कूबाप्रोचा एमके २५ पिस्टन आहे, एपेक्सचे डायफ्रॅम, दोन्हींवर टेक करणारे भरपूर आहेत. माझा कल डायफ्रॅमकडं, सील्ड मिळतो, मीठ-गाळ आतल्या स्प्रिंगपर्यंत पोचत नाही. धरणाच्या गढूळ पाण्यात शोधकार्य करणाऱ्यांनी तर सील्डच घ्यावा. आणि टाकीला जोडायला डिन (आट्यांनी आत फिरवून बसणारा) घे, योक (वरून पकडणारा) नको, डिनमधे ओ-रिंग आत अडकून बसते, वर काही आपटलं तरी सहसा निसटत नाही.

निळाई:
वरचं सगळं पटलं, पण रेग्युलेटर कितीही भारी असला तरी गॅस दाट झाला की श्वासाला मेहनत पडतेच. गॅसच्या घनतेची शिफारस आहे लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत, ६.२ च्या वर जाऊच नये, आणि साधी हवा ३० मीटरच्या आसपास पहिला आकडा गाठते. त्यापुढं कार्बन डायऑक्साइड अंगात साठायला लागतो आणि माणूस धापा टाकतो, मग सगळे रेग्युलेटरला नावं ठेवतात. म्हणून खोल जायचं तर ट्रायमिक्स (ऑक्सिजन, नायट्रोजन, हेलियमचं मिश्रण), हेलियम हलका असतो. महागडं सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) घेण्याआधी हेलियमचे पैसे बाजूला ठेव.

घाटावरचा:
सर्व्हिसचं कुणीच बोललं नाही. मी नाशिकहून सेट मुंबईला पाठवतो, त्यामुळं ज्याचं सर्व्हिस किट इथं मिळतं तोच ब्रँड घ्यायचा आणि टेकच्या सेटमधल्या दोन्ही फर्स्ट स्टेज एकाच मॉडेलच्या, म्हणजे एकच किट दोन्हीला चालतं. सेकंडहॅंड बघायला गेलास तर डस्ट कॅप काढून तोंडावरचा बारीक जाळीचा फिल्टर बघ, हिरवट दिसला तर आत पाणी गेलंय, सरळ परत दे. फिल्टर स्वच्छ असला तर इन्फ्लेटरच्या (जॅकेटमधे हवा भरायच्या) होजला आयपी म्हणजे इंटरमीडिएट प्रेशरचा गेज लाव, काटा साडेनऊ-दहा बारच्या आसपास थांबला पाहिजे. थांबल्यावरही हळूहळू वर चढत राहिला तर एचपी सीट (फर्स्ट स्टेजमधे टाकीचं प्रेशर अडवणारी सील) गेलीय.

गोदाकाठचा:
ताई, दादा, खूप आभार, जुन्याला नाही म्हणून कळवलं. डिकोच्या (थांब्यांवर वापरायच्या) टाकीला पण असाच भारी लागेल का?

खोलपाणी:
नाही रे, ५०% ऑक्सिजनचा गॅस २१ मीटरपासून वरच वापरायचा, तिथं साधा दणकट चालतो. फक्त ४०% च्या वर ऑक्सिजन म्हणजे रेग्युलेटर ऑक्सिजन क्लीन (तेल-ग्रीस काढून साफ केलेला) पाहिजे, आणि टायटॅनियमचा नको, आगीचा धोका असतो. मेन सेटला मात्र एक होज २.१ मीटरची टाक, तोंडात त्याच होजचा सेकंड स्टेज ठेवायचा आणि गरज पडली की बडीला (जोडीदाराला) द्यायचा, दुसरा सेकंड स्टेज गळ्यात इलॅस्टिकला.