एटीपीच्या गोळ्या: खरंच जोर वाढतो का नुसता धंदा?

लोखंडी_बंडू:
एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. हल्ली प्री-वर्कआउटच्या (व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीच्या) डब्यांवर "एटीपी ४०० मिग्रॅ" असं ठळक छापलेलं असतं आणि पोरं विचारत बसतात की घेऊ का. माझं मत सरळ आहे, पैसे पाण्यात. शरीर दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतं नि मोडतं, तेच तेच रेणू परत परत चार्ज करून, त्यात तुम्ही वरून ०.४ ग्रॅम टाकणार, म्हणजे दर्यामें खसखस. बरं ते पोचतं तरी का? २०१२ साली एक ट्रायल झाली, आठ निरोगी लोकांना एका वेळी ५००० मिग्रॅ दिलं, पोटातल्या ॲसिडमध्ये विरघळू नये म्हणून कोटिंगवाल्या बारीक गोळ्या, आणि एवढ्यावर न थांबता नाकातून नळी घालून थेट लहान आतड्यातही सोडून बघितलं. रक्तातलं एटीपी ढिम्म हललं नाही. वाढलं काय तर युरिक ॲसिड! आता बोला.

शेवटचा_सेट:
बोलतो की. रक्तात दिसलं नाही म्हणजे कामच झालं नाही हे कुणी ठरवलं? बारवर किती वजन चढलं ते बघ ना. २०१३ ची स्टडी आहे, आधीपासून व्यायाम करणारे पुरुष, १२ आठवडे, रोज ४०० मिग्रॅ. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट मिळून टोटल १२.६ टक्के वाढली, प्लासिबोवाल्यांची, म्हणजे नकली गोळी घेणाऱ्यांची, ५.९. दुपटीहून जास्त आहे राव.

लोखंडी_बंडू:
त्यात माणसं किती होती ते सोयीस्कर गाळलंस, २१. आणि लेखकांतले काही जण याच सप्लिमेंटच्या धंद्याशी जोडलेले. २०१६ मध्ये एचएमबी (हे आणखी एक सप्लिमेंट) अधिक एटीपी असा पेपर आला, १२ आठवड्यांत ८.५ किलो लीन मास, म्हणजे चरबी सोडून वाढलेलं वजन! आधीच तयार असलेल्या गड्यांमध्ये! त्यावर इतर संशोधकांनी जर्नलला पत्र लिहून शंका घेतली होती. इतकं तर स्टेरॉइडवालेही छातीठोक सांगत नाहीत.

पेशीत_गुंतलेली:
दोघंही एकाच चुकीच्या जागी भांडताय असं वाटतं, म्हणून मध्ये पडते. गिळलेलं एटीपी अख्खं स्नायूत जात नाही, तो विषयच सोडा. आतड्याच्या भिंतीवरची एन्झाइम्स त्याचे फॉस्फेट एकेक करून तोडतात, उरतं ॲडेनोसिन, त्यातलं बरंचसं पुढे मोडत मोडत युरिक ॲसिड होतं, म्हणून बंडूच्या ट्रायलमध्ये तेच वाढलेलं दिसलं. पण पेशीच्या बाहेरचं एटीपी हा इंधनाचा नाही, निरोपाचा रेणू आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर त्याचे रिसेप्टर असतात, तिथे ते चिकटलं की नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि वाहिनी रुंदावते. प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, ते काही सेकंदच टिकतं, त्यामुळे शिरेतून काढलेल्या रक्तात सापडलं नाही एवढ्यावरून पूर्ण फुली मारता येत नाही. मात्र गिळलेल्या ४०० मिग्रॅमुळेच हे सगळं घडतं, ही साखळी कडीला कडी जोडून कुणी दाखवलेली नाही.

आणि डब्यावरचं "स्नायूंना एनर्जी" तर सपशेल खोटं. माणूस थकून बार खाली टाकतो तेव्हाही स्नायूतलं एटीपी सहसा निम्म्याच्या खाली जात नाही! संपतं ते फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे एटीपी झटपट परत चार्ज करणारा स्नायूतला साठा. जे संपतच नाही ते भरून काय द्यायचं?

शेवटचा_सेट:
ताई, मग माझंच म्हणणं आलं ना, रक्तप्रवाह वाढत असेल. अर्धा तास आधी घेतलं की तिसऱ्या-चौथ्या सेटला जो पंप येतो, स्नायू रक्ताने फुगतात, तो मला कळतो. २०१९ मध्ये तर एकाच डोसवर हाफ स्क्वॉटमध्ये उचललेलं एकूण वजन वाढलेलं दिसलंय.

लोखंडी_बंडू:
ती पण ११ जणांची. आणि तुझ्या त्या स्कूपमध्ये कॅफिन आहे, सिट्रुलिन आहे, बीटा-अलानिनने कान झिणझिणतात, यात एटीपीने काय केलं ते तुला कळतं कसं? दुसऱ्या कुणाकडून नुसतं एटीपी आणि नुसती साखर सारख्या कॅप्सूलमध्ये भरून घे, कुठली कुठली ते त्यालाच ठाऊक, आणि मग रेप्स मोज. २००४ मध्ये १५० आणि २२५ मिग्रॅ १४ दिवस देऊन सायकलवरची ३० सेकंदांची विंगेट टेस्ट घेतली होती, काडीचा फरक नाही.

शेवटचा_सेट:
२२५ म्हणजे ४०० नव्हे. डोस कमी ठेवायचा आणि मग चालत नाही म्हणायचं.

लोखंडी_बंडू:
मग ५००० ला काय झालं होतं? कमी पडलं की डोस कमी, जास्त दिलं की मोजायची पद्धत चुकीची. मजा आहे.

पायाचा_अंगठा:
मध्येच विचारतो, मला गाउट आहे (युरिक ॲसिड साचून सांधे सुजतात तो आजार), जिमच्या ट्रेनरने हेच घ्यायला सांगितलंय. वरचं युरिक ॲसिडचं वाचून घाबरलो.

पेशीत_गुंतलेली:
ती वाढ ५००० मिग्रॅची आहे, चार आठवड्यांच्या एका अभ्यासात त्याहून कमी डोसवर ती ठळक दिसली नव्हती. पण तुम्हाला गाउट आहे, आणि या गोळीचा फायदाच नक्की नाही, तर जोखीम कशाला? डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि ट्रेनरला गाउटचं सांगितलं होतंत का?

पायाचा_अंगठा:
सांगितलं होतं. "काही होत नाही" म्हणाला.

लोखंडी_बंडू:
ट्रेनर बदला भाऊ. ताकदीसाठीच काही घ्यायचं असेल तर डॉक्टरांना क्रिएटिनबद्दल विचारा, ३ ते ५ ग्रॅम रोज, त्यावर ढिगाने अभ्यास झालेत.

शेवटचा_सेट:
क्रिएटिन मी पण घेतो, त्यावर भांडण नाहीच. कॅप्सूलचं मात्र करून बघणार. पण साखर नको, तांदळाचं पीठ भरतो.