अनुभव धागा: विद्यार्थीदशेत गोळा केलेले डबाबंद अन्न

माळ्यावरची_पेटी

काल माळा आवरताना एक जाड पुठ्ठा हाती लागला. त्यावर माझ्या शाळकरी अक्षरात ‘एकूण डबे’ असे लिहिलेले होते आणि खाली पाच-पाच रेघांचे जुडगे मारत मारत शेवटी ६१२ हा आकडा दोनदा अधोरेखित केलेला होता. आमच्या वर्गांनी मिळून हवाबंद डब्यांचे अन्न गोळा करून गावातल्या अन्नपेढीला, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेला, दिले होते, त्याचा तो हिशेब. माझ्या लेकीच्या वर्गातही सध्या हीच मोहीम चालू आहे, त्यामुळे मी तो पुठ्ठा तिला मोठ्या अभिमानाने दाखवला. तिने एवढेच विचारले, “आई, मग त्यांना कोणते डबे हवे होते?”

या प्रश्नाने मला अन्नपेढीतल्या त्या बाई आठवल्या. त्यांनी आमच्यासमोरच एकेक डबा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि जवळजवळ दीडशे डबे बाजूला काढले. काहींची मुदत केव्हाच उलटून गेली होती, काहींवर वेष्टनच उरले नव्हते, आणि दोन डबे तर चक्क फुगलेले होते. त्या रागावल्या नाहीत, हे विशेष. “येण्याआधी एक फोन केला असता तर बरे झाले असते,” एवढेच म्हणाल्या. तीन आठवडे आम्ही दारोदार फिरलो होतो, भित्तिपत्रके रंगवली होती, पण ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांना विचारावे हे कोणाच्याही डोक्यात आले नव्हते.

तुमच्यापैकी कोणी अशी मोहीम केली असेल, तर तिचे अनुभव इथे जरूर लिहावेत. फसलेले अनुभव आधी लिहिले तरी चालतील.

घाईतला_पाहुणा

आमची मोहीम जिन्यावर फसली. एका डब्यात साधारण ४०० ग्रॅम अन्न असते आणि पत्रा धरून त्याचे वजन अर्ध्या किलोच्या घरात जाते, हा हिशेब आम्हा चौघा बुद्धिमंतांपैकी एकानेही केला नव्हता. दूरचित्रवाणी संचाच्या रिकाम्या खोक्यात आम्ही सव्वाशे डबे भरले, म्हणजे साठ किलोंच्या आसपास ओझे, आणि ते दुसऱ्या मजल्यावरून खाली नेऊ लागलो. मधल्या वळणावर खोक्याचा तळ सुटला. त्यानंतर आम्ही चोवीस डब्यांपेक्षा मोठे खोके कधी भरले नाही. ते साधारण बारा किलोंचे होते आणि दोन मुले हसतखेळत उचलतात.

शाईचा_डाग

@घाईतला_पाहुणा, तो गडगडाट मला वाचतानाही ऐकू आला. शेवटचा डबा कुठे जाऊन थांबला, हे मात्र तुम्ही लिहिले नाही.

घाईतला_पाहुणा

मुख्याध्यापकांच्या दारात. त्यांनी तो उचलून आणून दिला आणि “हा पण मोजा” म्हणाले. पुढे अन्नपेढीत पोचे आलेले बरेच डबे नाकारले गेले, तेव्हा आम्हाला फार वाईट वाटले होते. आतले अन्न तर जसेच्या तसे होते ना?

छाननीवाली

घाईतला पाहुणा, मी गेली अकरा वर्षे अन्नपेढीत छाननीचे काम करते, म्हणून तुमच्या शंकेचे उत्तर जरा सविस्तर देते. डब्याच्या अंगावर, मधोमध, बोटाने चाचपल्यावर उथळ लागणारा पोचा असेल तर आम्ही तो डबा ठेवतो. परंतु पोचा वरच्या किंवा खालच्या काठावर किंवा उभ्या सांध्यावर असेल, अथवा त्याला तीक्ष्ण घडी पडली असेल, तर तो डबा बाद होतो, कारण डबा हवाबंद राहतो तो त्या सांध्यांच्या जोरावर, आणि तिथे केसाएवढी फट पडली तरी बाहेरचे जंतू आत शिरू शकतात. फुगलेला किंवा गळणारा डबा तर उघडूही नये आणि ‘चाखून बघू’ असे म्हणूनही जिभेला लावू नये. बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा ज्यामुळे होते ते विष जिवाणूंमुळे अन्नात तयार होते, आणि ते चवीवरून किंवा वासावरून ओळखता येईलच असे नाही. त्या जिवाणूंचे बीजाणू इतके चिवट असतात की कमी आंबट पदार्थांचे डबे कारखान्यात १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास, दाबाखाली तापवावे लागतात.

मुदतीविषयीही मोठा गैरसमज आहे. डब्यावरची ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख बहुधा चव आणि दर्जा यांविषयी असते. डबा शाबूत असून थंड, कोरड्या जागी ठेवलेला असेल, तर टोमॅटो किंवा फळे यांसारखे आंबट पदार्थ साधारण दीड वर्षापर्यंत, आणि कडधान्ये, मासे, मांस, भाज्या दोन ते पाच वर्षांपर्यंत चांगल्या दर्जाची राहतात. तारीख उलटल्यावर काय घ्यायचे याचे नियम प्रत्येक अन्नपेढीचे वेगळे असतात, म्हणून ते आधी विचारावेत. तान्ह्या बाळांच्या दूधपावडरीची तारीख मात्र कोणीही, कधीही, एका दिवसानेही ओलांडू नये. वेष्टन गेलेला डबा आम्ही टाकून देतो, कारण आत काय आहे हे कळले नाही तर एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असलेल्या माणसाला तो आम्ही कसा द्यावा?

जुन्या_नकाशांचा_नाद

थोडे मागे जातो, पण विषय सोडून नव्हे. अन्न भांड्यात बंद करून उकळण्याची रीत शोधल्याबद्दल निकोला आपेर या फ्रेंच हलवायाला १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. त्याची भांडी काचेची होती. पत्र्याच्या डब्याचे पेटंट त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने घेतले. आपली रीत नेमकी कशामुळे चालते, हे आपेरला ठाऊक नव्हते, कारण पाश्चरचे काम त्यानंतर अर्ध्या शतकाने आले. आता खरी गंमत पाहा. डबा निघाला १८१० मध्ये, आणि एझ्रा वॉर्नरने अमेरिकेत डबा उघडण्याच्या हत्याराचे पेटंट घेतले ते १८५८ मध्ये! तोवर लोक छिन्नी आणि हातोडा घेऊन बसत.

हे सांगण्याचे कारण असे की आमच्या महाविद्यालयाच्या मोहिमेतही हीच चूक दोनशे वर्षांनी पुन्हा झाली. आम्ही नऊशे डबे दिले आणि कॅन ओपनर एकही दिला नाही. एका खोलीत राहणाऱ्या, जवळ धड सुरीही नसलेल्या एका गृहस्थांनी तो डबा दगडावर घासून उघडला, असे आम्हाला नंतर कळले.

मागच्या_बाकावरची

मी वर्गप्रतिनिधी होते. आमच्याकडे वर्गावर्गांत चुरस लावली होती. प्रत्येक दारावर तक्ता होता आणि पहिल्या येणाऱ्या वर्गाला सहलीचे बक्षीस होते. आमचा वर्ग मागे पडू लागला, तशी मी रोज सकाळी ‘अजून एकही डबा न आणलेल्यांची’ नावे मोठ्याने वाचू लागले. मला कोणी तसे सांगितले नव्हते, पण कोणी थांबवलेही नाही. चौथ्या दिवशी यादीत एकच नाव उरले, आणि पाचव्या दिवशी त्या मुलीने दोन डबे आणून माझ्या बाकावर ठेवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अन्नपेढीत डबे लावताना तिथल्या एका काकांनी ते दोन डबे हातात घेतले आणि क्षणभर थांबले. दोन्ही झाकणांवर हिरव्या शाईचा छोटा ठिपका होता. तपासलेल्या प्रत्येक डब्यावर ते स्वतःच तसा ठिपका देत असत. हे डबे इथूनच कोणाच्या तरी घरी गेले होते आणि माझ्या यादीमुळे परत आले होते. काका माझ्याकडे पाहून काही बोलले नाहीत. त्यांनी ते डबे फळीवर ठेवले आणि पुढचे खोके उघडले. त्या मुलीशी मी नंतर तीन वर्षे एकाच वर्गात होते, पण या विषयावर एक अक्षरही बोलू शकले नाही.

शाईचा_डाग

ताई, तुम्ही तेव्हा लहान होता. तक्ता तर मोठ्यांनीच लावला होता ना?

मागच्या_बाकावरची

तक्ता त्यांनी लावला, हे खरे. नावे मात्र मी वाचली.

खडूची_धूळ

मी शिक्षक आहे आणि असे तक्ते मीही लावले आहेत, म्हणून हा अनुभव वाचताना अवघडल्यासारखे झाले. आता आम्ही खोके ग्रंथालयाच्या आतल्या बाजूला ठेवतो, जिथे कोणी काय टाकले हे दिसत नाही, आणि डबे मोजण्याऐवजी शेवटी सगळ्या शाळेचे मिळून एकदाच वजन करतो. ज्यांना डबा आणणे शक्य नाही त्यांच्यासाठी छाननी, खोकी बांधणे, भित्तिपत्रके आणि अन्नपेढीशी बोलणे अशी कामे असतात, आणि ती सर्वांनाच वाटून दिली जातात, म्हणजे कोण कशामुळे काय करतो आहे हे उघड होत नाही. बक्षीस बंद केल्यावर पहिल्या वर्षी डबे कमी आले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

रोखठोक

माझे मत कदाचित आवडणार नाही, पण डबे गोळा करणे हाच मुळी द्राविडी प्राणायाम आहे. आपण किरकोळ भावाने डबा विकत घेतो, तो वाहून नेतो, कोणीतरी तो पुन्हा तपासतो. त्याच पैशांत अन्नपेढी घाऊक भावाने कितीतरी अधिक आणि हवे ते अन्न घेऊ शकते. आम्ही शेवटच्या वर्षी सरळ देणगीपेटी फिरवली.

खडूची_धूळ

हिशेब तुमचाच बरोबर आहे. तरीही दहा वर्षांच्या मुलाने फळीवरून डबा निवडताना “हा कोण खाईल?” असा विचार केला, तर ते देणगीपेटीत नाणे टाकताना होत नाही, असे माझे निरीक्षण आहे. आम्ही दोन्ही ठेवतो.

रोखठोक

तो विचार झाला तर! माळ्यावरची पेटी यांच्या दीडशे डब्यांमागे तो झालेला दिसत नाही.

फळीच्या_पलीकडून

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. माझे बालपण अशाच डब्यांवर गेले, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, हे आधी नोंदवतो. परंतु एका हिवाळ्यात आमच्या घरी सलग पाच आठवडे मक्याचेच डबे आले, कारण देणाऱ्या प्रत्येकाला तोच डबा सोपा वाटला होता. आईला मधुमेह होता आणि फळे मात्र साखरेच्या पाकातली येत. ती पाक ओतून देई, फळे धुऊन आम्हाला देई आणि स्वतः काही खात नसे. आजीला रक्तदाब होता, म्हणून खारवलेली कडधान्येही आम्ही पाण्याखाली धुऊन घेत असू, कारण त्याने मीठ बरेच कमी होते. तिची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. कडी ओढून उघडणारा डबा आला की ती तो स्वतः उघडायची आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट. वर्षअखेरीस सगळ्यांनाच दानाची आठवण होते, त्यामुळे तेव्हा फळ्या वाकतात. आम्हाला खरी ओढ लागायची ती शाळेच्या मोठ्या सुट्टीत, कारण तेव्हा शाळेतले जेवण बंद असायचे आणि शाळाच बंद म्हटल्यावर डबे गोळा करायला विद्यार्थीही नसायचे.

माळ्यावरची_पेटी

सर्वांचे मनापासून आभार. ‘फळीच्या पलीकडून’ यांचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला आणि तिने आज स्वतः अन्नपेढीत फोन केला. मका पुरेसा आहे. मासे, कमी मिठाची कडधान्ये, स्वतःच्या रसातली फळे आणि शक्यतो कडीचे डबे हवेत, असे त्यांनी सांगितले. कॅन ओपनर आणू का, असे तिने विचारल्यावर पलीकडच्या बाई हसल्या आणि “जितके आणाल तितके” म्हणाल्या. वर्गाने मोहिमेची तारीख सुट्टी लागण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलली आहे. दारावरच्या तक्त्याविषयी ती बाईंशी उद्या बोलणार आहे. ते कितपत जमेल, पाहू.

छाननीवाली ताई, एक शंका आहे. मुलांना डब्यांवर रंगीत कागद चिकटवून शुभेच्छा लिहायच्या आहेत. चालेल का?

छाननीवाली

कागद नको, कारण त्याखाली घटकांची यादी आणि तारीख झाकली जाते आणि तो सोलण्यात आमची संध्याकाळ जाते. त्याऐवजी प्रत्येक डब्यावरची बारीक छापलेली तारीख शोधून ती झाकणावर जाड मार्करने मोठ्या अंकांत लिहायला सांगा, आणि खोकी तारखेनुसार लावून आणा, म्हणजे आधी संपणारे डबे आधी बाहेर जातील. हिरवी शाई मात्र वापरू नका. आमच्याकडेही ठिपके हिरवेच असतात.