लश्करमधला जुना अल्बम : मोडी वाचणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी,

जुने कौटुंबिक अल्बम मी जमवते, त्यातही फौजेतल्या माणसांची नावं लिहिलेले. नुकताच इथे ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या एका जुन्या वाड्याच्या सामानातून असा एक अल्बम हाती आला. काळी जाड पानं, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेले पातळ कागद आणि फोटोंखाली पांढऱ्या शाईत नावं. एका तरुण शिपायाच्या फोटोखाली नावापुढे ‘सुवेझ, १९१५’ असं लिहिलंय. फेट्यावरच्या बिल्ल्यात नाग दिसतो, म्हणजे शिंद्यांच्या फौजेतला असावा. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरची इम्पीरियल सर्व्हिस पलटण (म्हणजे इंग्रजांच्या मदतीसाठी संस्थानाने ठेवलेली फौज) सुवेझ कालव्याच्या रक्षणाला होतीच.

या फोटोचा एक कोपरा सुटलाय आणि मागे मोडीत तीन-चार ओळी दिसतात. मोडी नीट वाचणारं कोणी आहे का? फोटो ओढून काढायची माझी हिंमत नाही, कारण तो मधोमध खळीने चिकटवलाय. पानाला धक्का न लावता मागचं वाचायचं कसं, तेही सांगा.

दुसरं म्हणजे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत युद्धात मृत्यू पावलेल्यांचीच नावं असतात. जे सुखरूप परतले, त्यांची नोंद संस्थानी दप्तरात कुठे शोधावी? भोपाळच्या अभिलेखागारात कोणी काम केलंय का?

विक्रेते असे अल्बम फोडून शिपायांचे फोटो सुटे विकतात, मग आई-बहिणींचे फोटो एकीकडे आणि तो दुसरीकडे. हा अल्बम मी फुटू देणार नाही. घरचे सापडले तर त्यांना पूर्ण स्कॅन द्यायचंय. कृपया कळवा.