अनुभव धागा : बोटीवरचा रविवार आणि मिस्सा

आपण सोलापूरकर कोरड्या मुलखातले. पाणी म्हटलं की उजनी, नाहीतर हिप्परग्याचा तलाव. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून आम्ही भावंडांनी त्यांना मुंबई-गोवा-कोची क्रूझवर न्यायचं ठरवलं. आई खूश झाली, आणि लगेच तिनं विचारलं, "रविवारी मिस्सा कुठं?" मिस्सा म्हणजे आम्हा कॅथलिकांची धर्मगुरूंनी चालवलेली उपासना.

शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचं, शनिवारी दिवसभर गोवा, रविवार अख्खा समुद्रात, सोमवारी सकाळी कोची. २०२० च्या टाळेबंदीत चर्च बंद होतं ते महिने सोडले तर आईनं रविवार चुकवल्याचं मला आठवत नाही. माझ्या बाळंतपणात दवाखान्यातून सकाळी तासभर जाऊन आली होती. तिच्यासाठी हा सवयीचा भाग नाही, आठवड्याचा कणा आहे. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, बोटीवर सगळं असतं." सगळं म्हणजे काय ते त्यालाही सांगता येईना.

म्हणून आपल्या पॅरिशमधल्या (आपल्या चर्चच्या समाजातल्या), आणि सोलापूर सोडून पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या मंडळींना विनंती : क्रूझवर असताना मिस्सा मिळाली का, कशी मिळाली, नाही मिळाली तर काय केलं, ते सविस्तर लिहा. चुकलेलं असेल तर तेही लिहा. त्याचाच जास्त उपयोग होईल.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, रेल्वे लाइन्स

मुलगा जर्मनीत असतो. त्यानं आम्हा दोघांना भूमध्य समुद्रात सात दिवस फिरवलं. इटालियन जहाज होतं आणि त्यावर चक्क छोटं चॅपल होतं. वीसेक खुर्च्या, वेदी, मारियामातेचा पुतळा. रविवारी फादरांनी इटालियनमध्ये मिस्सा केली. मला त्या भाषेतलं एक अक्षर येत नाही. पण मिस्साचा क्रम जगभर तोच, त्यामुळे कुठं उभं राहायचं, कुठं गुडघे टेकायचे, काही अडलं नाही. ते "सांतो, सांतो, सांतो" म्हणाले तेव्हा मी "पवित्र, पवित्र, पवित्र" म्हटलं. शेजारच्या इटालियन आजीनं शांतीसाठी हात पुढं केला आणि मिसेसचा हात बराच वेळ सोडलाच नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. मार्सेयला बोट थांबली तर टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चला जा. तिथले लोक त्या मातेला 'चांगली आई' म्हणतात. आत गेलात की वर बघा, छतापासून छोटी छोटी जहाजं टांगलेली आहेत. वादळातून वाचलेल्या खलाशांनी आणि त्यांच्या घरच्यांनी नवस फेडून वाहिलेली. भिंतींवर आभाराच्या संगमरवरी पाट्या. आपल्याकडं मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहतात ना, तसंच मन. मी अर्धा तास नुसता मान वर करून उभा होतो.

शिक्षिका, विजापूर रोड

माझा अनुभव फसगतीचा आहे. बोटीवर रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमांचं पत्रक येतं. त्यात रविवारी सकाळी नऊला 'इंटरडिनॉमिनेशनल सर्व्हिस', म्हणजे सगळ्या ख्रिस्ती पंथांची मिळून प्रार्थना, असं छापलं होतं. आम्ही ती मिस्सा समजलो. एक तास काही खाल्लं नाही, मुलांना चांगले कपडे घातले आणि गेलो. तिथं कर्मचाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी दोन उतारे वाचले, प्रार्थना केली, एक गीत झालं. छान होतं, मनापासून होतं. पण धर्मगुरू नव्हते, ख्रिस्तप्रसाद म्हणजे कम्युनियन नव्हतं. माझी धाकटी विचारत राहिली, "मम्मी, कम्युनियन कधी?"

आदल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. म्हणून विचारताना नुसतं 'चर्च सर्व्हिस आहे का' असं विचारू नका. 'कॅथलिक मिस्सा आहे का, आणि प्रीस्ट बोटीवर आहेत का' असं स्पष्ट विचारा, तेही बुकिंगच्या आधी, ईमेलवर. बऱ्याच मोठ्या जहाजांवर नाताळ आणि ईस्टरला धर्मगुरू आणतात, एरवीच्या आठवड्यांची खात्री नसते.

जहाजावर काम करणारा, मूळचा सोलापूरचा

बाकी सगळे प्रवासी म्हणून लिहितात, मी खालच्या डेकवरून लिहितो.

हॉटेल मॅनेजमेंट करून मी जहाजावर हाउसकीपिंगला लागलो. करार एका वेळी सात-आठ महिन्यांचा. आठवड्याचे सातही दिवस काम, रोज दहा-अकरा तास. रविवार असा वेगळा नसतोच. उलट कितीतरी जहाजांचा प्रवासी उतरण्या-चढण्याचा दिवस शनिवार-रविवारीच येतो. त्या दिवशी पहाटेपासून चादरी, उशा, बाथरूम, परत चादरी. वडील टॉवेलच्या कारखान्यात होते. मी इथं पाहुण्यांसाठी टॉवेलचे हत्ती आणि हंस करतो. फोनवर बाबांना ते फोटो फार आवडतात.

पहिल्या करारात पाच महिने मला मिस्सा मिळाली नाही. बंदरात बोट लागली तरी सुट्टीचे दोन-तीन तास मिळतात, आणि त्या वेळी चर्च उघडं असेलच असं नाही. मग एका फेरीला प्रवाशांसाठी एक वयस्कर फादर आले. दिवसा थिएटरमध्ये त्यांनी प्रवाशांची मिस्सा केली, तेव्हा आम्ही ड्युटीवर. पण तेच फादर आमच्या एका गोवेकर सुपरवायझरला म्हणाले, "तुमची सुटी कधी होते?" तो म्हणाला, "रात्री साडेअकराला." फादर म्हणाले, "मग पावणेबाराला."

कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात दोन टेबलं जोडली. वर घातलेलं पांढरं कापड मी स्वतः इस्त्री केलं होतं. कुणी किचनच्या कपड्यात, कुणी वेटरच्या जाकिटात, कुणाचे बूट अजून ओले. फिलिपिनो मुलांनी गिटार आणली. त्यांच्याकडं नाताळाआधी १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ दिवसांच्या पहाटमिस्सा असतात, सिम्बांग गाबी म्हणतात. घरी असतील तेव्हाची ती गाणी त्यांनी इथं मध्यरात्री म्हटली. फादरांनी हात धुतल्यावर पुसायला कापड हवं होतं. माझ्या खिशात आईनं दिलेला सोलापूरचा पांढरा सुती नॅपकिन होता, कोरा, घडी न मोडलेला. तो दिला.

मिस्साआधी फादर मशीनरूमकडं जाणाऱ्या पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसले होते. पापनिवेदनाला रांग लागली होती. माझा नंबर आला तेव्हा मला बोलताच येईना. ते म्हणाले, "सावकाश." मी हिंदीत सुरुवात केली आणि मराठीत कधी गेलो मला कळलं नाही. त्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

तुमच्या आईंना एवढंच सांगा, मिस्सा असली आणि वेळ रात्रीची असली तर फादरांना विचारून कर्मचाऱ्यांच्या मिस्साला जाता येतं का बघा. प्रत्येक जहाजाचे नियम वेगळे, खालच्या डेकवर प्रवाशांना येऊ देतीलच असं नाही. पण विचारा. आणि तुमची केबिन साफ करणाऱ्याला नाव विचारा.

धर्मगुरू, पुणे धर्मप्रांत

मी काही वर्षं सोलापुरात होतो. खाजगीत बरेच जण शंका विचारत आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतल्या कलम १२४७ नुसार रविवारची मिस्सा बंधनकारक आहे. पण कलम १२४८ म्हणतं की रविवारी किंवा आदल्या संध्याकाळी, कुठल्याही कॅथलिक परंपरेतली मिस्सा चालते. म्हणजे शनिवारी संध्याकाळी गोव्यात मिस्सा झाली तर रविवार पूर्ण झाला. कोचीत सिरो-मलबार, म्हणजे केरळमधल्या कॅथलिक परंपरेतल्या, मिस्साला गेलात, तरी झाला. त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की धर्मगुरूच नसतील किंवा दुसरं गंभीर कारण असेल तर घरच्यांनी किंवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत योग्य वेळ घालवावा. अशा वेळी तुमच्यावर पाप नाही. तरीही मनाला लागत असेल तर निघण्याआधी पॅरिशच्या फादरांशी बोला. कलम १२४५ प्रमाणे योग्य कारणासाठी ते सूट देऊ शकतात. त्यासाठी संकोच करू नये.

बोटीवर कुणी 'मी फादर आहे' म्हणालं म्हणून मिस्सा ठेवू नये. प्रवासात धर्मगुरूंकडं आपल्या अधिकाऱ्यांचं पत्र किंवा ओळखपत्र असतं, ते दाखवायला आम्हाला काही वाटत नाही. ग्लासगोमध्ये १९२० साली खलाशांसाठी सुरू झालेली अपॉस्टलशिप ऑफ द सी ही सेवा आज बऱ्याच देशांत स्टेला मारिस नावानं ओळखली जाते. स्टेला मारिस म्हणजे समुद्राचा तारा, मारियामातेचं जुनं नाव. त्यांचे लोक बंदरात जहाजांवर जातात. वरच्या मुलानं लिहिलंय ते वाचून मी दिवसभर अस्वस्थ आहे.

गृहिणी, जुळे सोलापूर

कोचीसाठी दोन वाक्यं. फोर्ट कोचीतलं सेंट फ्रान्सिस चर्च सगळे दाखवतात, वास्को द गामाला १५२४ मध्ये आधी तिथंच पुरलं होतं. पण ते आता कॅथलिक नाही. मिस्सासाठी तिथून जवळच सांता क्रूझ बॅसिलिकाला जा. आम्ही आधी चुकीच्या दारात उभे होतो.

नर्स, सध्या मस्कत, माहेर मुरारजी पेठ

आमच्या बोटीवर फादर नव्हते. सासूबाई व्हीलचेअरवर, बंदरात उतरणं शक्य नव्हतं. मी काउंटरवर जाऊन अर्ध्या तासासाठी जागा मागितली. त्यांनी पत्ते खेळायची खोली दिली आणि पत्रकात एक ओळ छापली. मला वाटलं आम्हीच तिघं असू. चौदा जण आले. मंगळुरूचं जोडपं, केरळचे चौघं, एक आयरिश आजोबा. वाचनं इंग्रजीतून, स्तोत्र मी मराठीतून म्हटलं, श्रद्धावंतांच्या प्रार्थना ज्यानं त्यानं आपल्या भाषेत. प्रभूची प्रार्थना एकाच वेळी पाच भाषांत झाली आणि सगळे जवळजवळ एकदमच थांबले. सासूबाई आता नाहीत. त्यांना त्या प्रवासातलं तेच आठवत असे.

मोबाइलवर मिस्सा बघू असं ठरवून जाऊ नका. समुद्रात वायफाय महाग आणि मध्येच तुटणारं. रविवारची वाचनं आधीच छापून न्या.

धागा सुरू करणारी

आम्ही परवा परत आलो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून बोट. सगळ्यांचं वाचून मी दोन गोष्टी केल्या. बोटीवर फादर नाहीत हे ईमेलनं पक्कं केलं, आणि गोव्यातल्या वास्को शहराच्या सेंट अँड्र्यू चर्चला फोन करून शनिवार संध्याकाळच्या मिस्साची वेळ विचारून घेतली. बोटीवर रात्री आठपर्यंत परतायचं होतं. टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवलं. मिस्सा कोकणीत. आईला निम्मं कळलं, गाणी तर तिनं चालीवरून धरली. मी सारखी घड्याळ बघत होते, तेव्हा तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "काय करलालीस? इकडं बघ."

रविवारी सकाळी केबिन साफ करायला मुलगा आला. आई खिडकीजवळ रोझरी म्हणत होती. तो दारातच थांबला आणि त्यानं क्रुसाची खूण केली. काणकोणचा निघाला. आईनं नाव विचारलं, मग विचारलं, "तुझी शेवटची मिस्सा कधी झाली?" चार महिने. त्याचे आणखी दोन मित्र त्याच डेकवर होते, त्यांचंही तेच. आईनं तिघांची नावं माझ्या वहीत लिहून घेतली, स्पेलिंग दोनदा विचारून.

काल ती आपल्या चर्चच्या ऑफिसात जाऊन त्या तिघांसाठी मिस्साची पावती करून आली. येत्या रविवारी सकाळच्या मिस्सात नावं वाचतील. तिनं त्या मुलाला वेळ कळवायला सांगितलंय. मी मेसेज केला आहे. समुद्रात रेंज नसेल, अजून एकच टिक दिसतेय.